काही नाही, सुरू होतंय

भिंतीवर योसेफ यायला हवा होता. महिनाभर खपून व्हायोलेटनं तो टाइप केला होता, योसेफाचं अख्खं कीर्तन, आईच्या तोंडून एकेक ओळ काढून घेत. आणि मराठी अक्षरं वाचणाऱ्या बायका आता फारशा उरल्या नाहीत म्हणून प्रत्येक ओळीखाली तीच ओळ पुन्हा हिब्रू अक्षरांत. अश्दोदच्या त्यांच्या वस्तीतल्या सभागृहात पंखे घरघरत होते, खुर्च्या अर्ध्या गोलात मांडल्या होत्या, वर्षातून एकदा पेटीबाहेर निघणाऱ्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. नगरपालिकेची ओरीत नावाची तरणी बाई कचेरीतला प्रोजेक्टर घेऊन आली होती, व्हायोलेटनं त्याला आपला घरचा काँप्युटर जोडला होता, आणि ओरीत पहिल्या रांगेत पायांवर पाय टाकून बसली होती. मधल्या खुर्चीवर व्हायोलेटची आई, लिआबाई, मांडीवर बुलबुलतरंग घेऊन. दिवे मालवले. भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला, थरथरला, निळा झाला, आणि योसेफाच्या जागी ठसठशीत हिब्रू अक्षरांत एक पाटी उमटली: या यंत्रावरची प्रत अस्सल नाही, आपण बनावट मालाला बळी पडला असण्याची शक्यता आहे. घरी हीच पाटी कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी यायची. व्हायोलेट ती बंद करायची, आणि ती पुन्हा आली की पुन्हा बंद करायची, जशी खिडकीवरची माशी हाकलावी. भिंतीवर ती दारापासून पार आग विझवायच्या लाल नळकांड्यापर्यंत पसरली होती.

"व्हायोलेट," ओरीत हिब्रूत ओरडली, "बनावट? आमच्या प्रोजेक्टरवर बनावट माल?" वाईट मनानं नव्हे, चेष्टेनंच. तरण्या पोरी हसल्या. आणि व्हायोलेटच्या कानांमागे ती जुनी ऊब चढली, तिच्या अंगात लाज नेहमी तिथूनच यायची, आणि ऊब गळ्यापर्यंत यायच्या आत तिची जीभ चालली. "माझा काही संबंध नाही," ती हिब्रूत म्हणाली, "इमानं आणलाय, होदूहून. तिकडून आलेलं सगळं असंच असतं, बघा ना!" इमा म्हणजे आई, होदू म्हणजे हिंदुस्थान; आणि तिनं आईकडे बोट दाखवलं. सभागृह खदखदून हसलं. ओरीतनं टाळी दिली. आपल्याकडे सगळे बघतायत आणि हसतायत हे पाहून लिआबाईही हसली, तोंडावर हात धरून, लग्नाच्या फोटोत हसते तशी, आणि मग लेकीच्या बाजूला झुकून म्हणाली, "काय लिवलंय गो भिंतीवर?"

"काही नाही आई. सुरू होतंय."

मग योसेफ आला. लिआबाई गायली. पण जिथं भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तिथं एक ओळ तिनं म्हणायची आणि एक बायकांनी, अशी रीत. तिथं ती थांबली नाही, बायकांची ओळही स्वतःच म्हणून टाकली, पुढचीही, आणि कीर्तन लवकर आटोपलं. पुढच्या आठवड्यात बायका गायला जमल्या तेव्हा तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात डोळ्यांत थेंब घातले होते. बायकांनी फोन केले, केळी घेऊन येऊन गेल्या, त्यांच्यापाशी लिआबाई छान बोलली, गाण्याचं नाव काढलं की म्हणे, "बघूया, टाइम आला की." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे लख्ख झाले, त्याचे आभार म्हणून मलिदाही झाला, पोहे खोबरं खजूर सगळं ताटात, एलियाहू हानाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन, आणि त्या मलिद्यालासुद्धा तिनं बुलबुलतरंग पेटीतून काढला नाही. योसेफाचं ते कीर्तन पूर्ण येणारी अश्दोदात आता तीच एक. व्हायोलेट भांडी विसळताना, बसमध्ये, कारखान्यात खोक्यांना चिठ्ठ्या लावताना एकच गोष्ट घोळवत राही: आई पुन्हा गायला हवी. आणि त्यावर तिला सुचलेला उपाय असा होता, की काँप्युटर बदलायचा.

आता ह्याला काय म्हणावं. बाई बावन्न वर्षांची, दोन मुलांना सैन्यात पाठवून परत आणलेली, नवऱ्यामागं घर चालवलेली, आणि तिला खरोखरच वाटत होतं की दोष त्या यंत्रात आहे. यंत्र होतंही दोष द्यायच्याच लायकीचं. कारखान्याच्या कचेरीनं टाकून दिलेलं, पिवळं पडलेलं, बटण दाबलं की स्टोव्हसारखा आवाज करणारं. भाजीच्या ट्रॉलीत घालून तिनं ते घरी आणलं होतं. धाकटा भाऊ योराम येऊन त्यात यंत्र चालवणारी प्रणाली घालून गेला होता, निळ्या पेनानं काहीतरी खरडलेल्या सीडीवरून. "चोरीची का रे?" तिनं मराठीत विचारलं होतं. योरामचा जन्म इथला. तो मराठी समजतो पण उत्तर हिब्रूतच देतो. "सगळा देश असाच चालतो," तो म्हणाला होता, "तू काय मंत्री आहेस?" तेव्हा ती हसली होती. तिनं त्या यंत्रावर स्वतःचं स्वतः टाइप करायला शिकून घेतलं, चुकत, पुसत, कुणी बघत नाही ना हे पाहत. कुणी खोलीत आलं की ती पडद्यावर फडकं फिरवायला घ्यायची, म्हणजे पुसायला बसलोय असं वाटावं.

हे फडकं फार जुनं. पडद्याच्या आधीपासूनचं. हिंदुस्थानातून आल्यावर येरुहामच्या शाळेत ती दोन वेण्या घालून जायची, खोबरेल तेल चोपडून, कारण आई तसंच करायची आणि आईच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. मागच्या बाकावरची मुलं नाक धरायची. मग ती शाळेच्या दारातल्या नळावर थांबायची, दप्तरातून भांड्याच्या साबणाचा तुकडा काढून वेण्या खळाखळा धुवायची, आणि वाळवंटातल्या हिवाळ्यात ओल्या केसांनी कुडकुडत वर्गात बसायची. दुपारी घरी जाईपर्यंत केस राठ होऊन उभे राहत. आई म्हणायची, इथली हवाच वाईट, पोरीचं तेल पिऊन टाकते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी लावायची. आईला तिनं कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, सांगणं म्हणजे आईला दुखवणं. आता पन्नाशी ओलांडल्यावर कधीकधी वाटे, की न सांगण्यात आई वाचत नव्हती, ती स्वतःच वाचत होती; पण हा विचार ती फार वेळ हातात धरत नसे.

कारखान्यात काँप्युटर दुरुस्त करायला अमोस यायचा, किबुत्झमध्ये, सामायिक शेतीच्या वस्तीत वाढलेला, साठीचा, हिवाळ्यातही सँडल घालणारा. एकदा डब्याच्या सुट्टीत धीर करून तिनं विचारलं, की एखादं यंत्र फार जुनं असेल आणि त्यातली प्रणाली फार, म्हणजे फार कुरकुर करत असेल, तर नवं यंत्र घ्यावं लागेल का. 'एखादं' म्हणाली, आपलं म्हणाली नाही. अमोसनं अंडं सोलता सोलता मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं. मग म्हणाला, "यंत्र ठीक आहे. त्याच्या पाठीवर तू वजन फार घातलंयस. हलकं काहीतरी घाल." आणि ते हलकं म्हणजे काय ते त्यानं सांगितलं: जगभरची माणसं ते आपापल्या घरी बसून बनवतात आणि सोडून देतात, कुणीही घ्यावं, उघडून आत बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. "फुकट?" "फुकट. आणि चोरीचं नाही. कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांग, की माझं आहे." व्हायोलेट त्याच्याकडे बघतच राहिली. छातीवर हात ठेवून सांगता येईल अशी एक गोष्ट घरात असावी, हे तिला एकदम सोन्याच्या बांगड्यांपेक्षा हवंसं वाटलं.

अशा लोकांची तेल अविवला बैठक भरते, ये, अमोस म्हणाला. ती गेली. केस सेट करून, निळा ड्रेस, पर्समध्ये घडी घातलेल्या कागदावर प्रश्न लिहून. संध्याकाळची बस तुंबली होती, ती तरीही लवकर पोचली. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर खोली, लांब टेबल, पाठमोरी तरणी मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर यंत्र, आणि कुणाच्या तरी पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं पावसासारखी खाली सरकत होती. ती दारात उभी राहिली. एका पोरानं मान वर केली, तिच्याकडे बघितलं, गोड हसून म्हणाला, "अरे वा, आज लवकर आलात. कप तिकडे सिंकमध्ये आहेत, आम्ही तासाभरात आवरतो." तो गोड हसला हेच वाईट होतं. तो खेकसला असता तर कदाचित ती म्हणाली असती, मी बैठकीला आले आहे. तिनं खांद्यावरची पर्स काढून खुर्चीला अडकवली, सिंकपाशी गेली आणि कप धुवायला लागली.

नंतर, कितीतरी दिवस, ती स्वतःला विचारत राहिली, की का. कप धुतल्याची लाज नव्हती. आयुष्यभर धुतलेच होते. लाज याची, की धुताना तिला हायसं वाटलं. पाणी कोमट होतं, हातांना काम माहीत होतं, आता कुणी तिला काही विचारणार नव्हतं. आतल्या खोलीत कुणीतरी बोलायला उभं राहिलं, माणसं हसली, आणि ती कपाच्या तळाशी चिकटलेली साखर नखानं खरवडत होती आणि मनात म्हणत होती, बरंय, इथूनही ऐकू येतंय. तेवढ्यात अमोस आला. सिंकच्या दारात थबकला. "व्हायोलेट? काय करतेस?" "कप धुतेय." अमोसनं त्या आतल्या पोराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला बघवेना. तो खिळ्यावरचं फडकं घेऊन शेजारी उभा राहिला आणि कप पुसायला लागला. सगळे कप होईपर्यंत दोघं तसेच. मग म्हणाला, "मी तुझी ओळख करून देणार होतो." "पुढच्या वेळी," ती म्हणाली. पर्समधला कागद निघालाच नाही. जाताना त्यानं तिच्या हातात एक सीडी ठेवली. "जपून. जरा ओरखडा आहे. वाचायला वेळ लावेल, पण वाचेल."

परतीच्या बसमध्ये खिडकीत तिचा चेहरा होता आणि चेहऱ्याच्या आरपार पेट्रोलपंप जात होते. तिला बेरशेबा आठवलं. मावशीचं लग्न ठरलं होतं, नोंदणीसाठी तिथल्या धर्मगुरूंच्या कचेरीत जायचं होतं, आणि मोठ्यांपैकी कुणालाच हिब्रू येत नव्हतं म्हणून व्हायोलेटला नेलं होतं. शाळेत जाणारी पोर, घरातली दुभाषी. आमच्याकडे सगळ्यांचंच असं. आईबापांच्या वतीनं डॉक्टरशी, दुकानदाराशी, कचेरीशी बोलायचं ते पोरांनी. टेबलामागं दाढीवाला माणूस होता. तो विचारत गेला: मुलीच्या आईचं नाव काय, त्या आईच्या आईचं काय, ती कुठली, तिची आई कुठली, याला दाखला काय. ती मराठीत विचारी, आजोबा सांगत: रोह्याची, नागावची, तिथं आपली विहीर होती. विहीर हिब्रूत सांगून काय उपयोग. मग तो माणूस पेन खाली ठेवून, कंटाळून, तिच्याकडे न बघता म्हणाला, की यांना सांग, ते खरोखर यहुदी आहेत का हे आधी तपासावं लागेल. आई पुढं झुकली होती, हसऱ्या तोंडानं, मांडीवर करंज्यांचा डबा. "काय म्हणाला गो?" "थोडं थांबा म्हणाला," व्हायोलेट म्हणाली. तेवढ्यावर आईनं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं दोन बोटांनी तो मागे सारला. कुणाच्या चुलीवरचं कुणास ठाऊक, असं पुटपुटला. "आता काय म्हणाला?" "पोट भरलंय म्हणाला." आईनं झाकण लावलं. बस येईपर्यंत बाकावर बसून सगळ्यांनी त्या करंज्या खाल्ल्या, मावशीनंसुद्धा, आणि व्हायोलेटनंही खाल्ली, आणि तिला ओकारी आली ती उन्हानं असं ठरलं. मावशीचं लग्न पुढं झालं, उशिरानं, बऱ्याच हेलपाट्यांनंतर. पण त्या बाकावर तिला एक कळलं होतं: की भिंत आणि आई यांच्यामध्ये आपण उभं राहायचं, आणि भिंतीवर काय लिहिलंय ते विचारलं, की म्हणायचं, काही नाही.

फक्त त्या संध्याकाळी सभागृहात ती मध्ये उभी नव्हती. ती भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

सीडी तिनं कपाटात ठेवली, चादरींखाली, चोरून आणलेल्या वस्तूसारखी. आणि गंमत अशी की त्या घरातली चोरीची नसलेली सीडी तेवढीच. मग एका दुपारी ती घालून पाहिली. यंत्र कण्हलं, बरंच काही पुटपुटलं आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, की कोणत्या भाषेत बोलू. देशोदेशींच्या भाषा एकाखाली एक उभ्या होत्या, आपापल्या लिपीत. ती खाली जात होती, हिब्रू शोधत, तो वाटेत एकाएकी 'मराठी' आली. अशीच. कुणी मुद्दाम ठेवल्यासारखी नव्हे, रांगेत, आपली पाळी आल्यासारखी. तिचं बोट थांबलं. या देशात आल्यापासून तिला असं कुणी विचारलं नव्हतं. आणि तिनं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात कुणीही नव्हतं. तरी तिनं झटक्यात 'हिब्रू' दाबलं, कुणी आत यायच्या आधी शर्टाचं बटण लावावं तसं. पुढं कुठंतरी अडखळून ते काम बंदच पडलं, आणि तिला वाटलं, बरोबर आहे, हेच व्हायला पाहिजे होतं.

त्या शुक्रवारी तिनं पुन्हा घातली. घातली ती उशिरा. कोंबडी शिजायची होती, लादी पुसायची होती, आई आंघोळ करून पांढरा रुमाल बांधून टेबलापाशी बसली होती. व्हायोलेटला वाटलं, तेवढ्यात होईल. ओरखड्यापाशी येऊन सीडी अडकली, घसरली, पुन्हा अडकली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येत, थांबत. लिआबाई नव्या डोळ्यांनी ते बघत होती. "काय लिवलंय गो?"

"काही नाही आई, सुरू होतंय," व्हायोलेट म्हणाली, आणि म्हणताच हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. कानांमागे ऊब. काय लपवत होती ती? पडद्यावर लिहिलं होतं, उंदीर सापडला, कळफलक सापडला, अमुक सापडलं नाही. यात लपवण्यासारखं काहीही नव्हतं. आपल्या जिभेला आता लपवायला काही लागतच नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"दिवे लावायला घे," लिआबाई म्हणाली. "टाइम झाला."

आणि शब्बाथ आला, उद्या तारे निघेपर्यंत कुठल्याच कामाला हात न लावण्याचा. दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले, आईनं पुटपुटून आशीर्वाद म्हटला. आणि हात डोळ्यांवरून काढले तेव्हा कोपऱ्यात पडदा उजळला होता. ओरखडा ओलांडून सीडी एकदाची पुढं गेली होती, आणि यंत्र विचारत होतं, कोणत्या भाषेत बोलू. आता उत्तर द्यायची सोय नव्हती. शब्बाथात आई बटणाला हात लावत नाही, आणि आईसमोर व्हायोलेटही नाही. बंदही करता येत नाही. आपल्या घरांतच होतील अशा चुका असतात, त्यातली ही. यंत्र रात्रभर तसंच जागं राहिलं, त्या एका प्रश्नासकट, पाव्हणा दारात उभा करून ठेवावा तसं. सकाळी प्रार्थनेहून परत आल्या तरी होतंच. दुपारी जेवून उठल्यावर लिआबाईनं आपली खुर्ची ओढून त्याच्यासमोर नेली आणि हनुवटी काठीवर टेकून बसली.

"मराठी लिवलंय ह्यात," ती म्हणाली.

"हो."

"मला वाचता आलं. चष्म्याबिगर." जरा वेळानं, "ह्याला कुणी सांगितलं, आपण मराठी म्हणून?"

"कुणी नाही. सगळ्यांनाच विचारतं ते."

"हा का अडून बसलाय मग?"

"आपण सांगेपर्यंत थांबतं."

"शहाणं आहे." लिआबाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. बाहेर शब्बाथची दुपार होती, बंद दुकानांची, खाली कुणाचं तरी मूल चेंडू भिंतीवर आपटत होतं. व्हायोलेट उगाच उठली, टेबलावरचे चुरे गोळा केले, पुन्हा बसली. करायला काही नव्हतं. झाडता येत नव्हतं, शिजवता येत नव्हतं, यंत्राला हात लावता येत नव्हता. इतक्या महिन्यांत आईसमोर हात रिकामे ठेवून ती बसलीच नव्हती. तिला ते इतकं उघडं वाटलं, की तिनं हात मांडीखाली घेतले.

"त्या दिवशी," लिआबाई पडद्याकडे बघतच म्हणाली, "सगळी हसली. मीपण हसले."

व्हायोलेटची एक चप्पल पायातून निसटली.

"कशाला हसलो आपण? मला कोणी सांगितलं नाय. त्यात 'इमा' होतं, 'होदू' होतं. एवढं ऐकलंय मी. बाटल्यांच्या कारखान्यात जल्म काढला गो, एवढं ऐकू येतं. बाकीचं तू सांग."

काही नाही आई, हे शब्द तोंडात आले. ओठांपर्यंत आले. ते किती गुळगुळीत झाले होते, वर्षानुवर्षं चघळलेल्या चिंचोक्यासारखे. त्यांच्यामागून दुसरं काही येईना. मराठीत ते कसं म्हणायचं हेच तिला सापडेना. बोलली होती ती हिब्रूत, आणि हिब्रूत ते विनोद म्हणून आपोआप जमून गेलं होतं. मग तिनं एकेक शब्द उचलून ठेवायला सुरुवात केली. भिंतीवर लिहिलं होतं, की हे अस्सल नाही. बनावट आहे. ओरीत मला हसली. मला लाज वाटली. आणि मी म्हटलं, की माझं नाही हे. मी म्हटलं, आईनं आणलंय. हिंदुस्थानातून. तिकडून आलेलं सगळं असंच असतं, म्हटलं. आणि तुझ्याकडे बोट केलं.

मराठीत त्यात विनोद उरलाच नाही. खाली चेंडू आपटत राहिला. लिआबाईनं मान हलवली, हळू, कुठल्या तरी हिशेबाची शेवटची ओळ जुळल्यासारखी. रागावली आहे का ते दिसेना, पडद्याचा निळसर उजेड तिच्या नव्या डोळ्यांत होता. व्हायोलेटला वाटलं, रड, ओरड, काहीतरी म्हण.

"हिंदुस्थानातून," लिआबाई म्हणाली, "मी काय आणलं? दोन ट्रंका. एक येरुहामात गंजली, एक तुझ्या बापानं कोळशाला केली. तांब्याचं पातेलं योरामच्या बायकोनं फेकलं." ती लेकीकडे वळली. "तिकडून आणलेली, अजून चालते अशी वस्तू माझ्यापाशी एकच आहे. समोर बसलीय हात लपवून."

व्हायोलेटच्या तोंडून हसू फुटलं आणि ते अर्ध्यात भलतंच काही झालं. आईनं तिला जवळ घेतलं नाही. घेण्यासारखं ते नव्हतंही. फक्त काठीच्या टोकानं तिची चप्पल जरा इकडे सरकवली, जागेवर.

"आणि बेरशेबाला," व्हायोलेट नाक पुसत म्हणाली, "तो माणूस, करंज्या..."

"ते मला ठाव आहे."

"ठाऊक आहे?"

"पोट भरलेला माणूस डबा असा सारत नाय." लिआबाईनं दोन बोटं हवेत सारून दाखवली, अगदी तशीच, इतक्या वर्षांनी. "तू पोर होतीस. पोरीनं दिलं ते खाल्लं मी. पण आता म्हातारी झाली गो तू. आता मला खरं वाढ."

उन्हं कलली. दोघी बसून राहिल्या. आकाशात तारे आले, दिवा लावून, मसाल्याचा वास घेऊन, शब्बाथला निरोप दिला, आणि मग लिआबाई म्हणाली, "चल. तो बिचारा कालपासून उभा आहे."

व्हायोलेट कळफलकापुढं बसली. खाली, खाली, खाली. मागं वळून पाहायची इच्छा झाली. आणि मागं आई उभीच होती, खांद्यावरून बघत. तिनं मराठी दाबलं. यंत्र कण्हलं, ओरखड्यापाशी अडखळलं, पुढं गेलं. मराठी आली ती भलतीच निघाली, कुठल्या तरी पंडितानं घरी बसून केलेली, 'संचिका' वाचून लिआबाई म्हणाली, "ही कोण बाई?" दोघींनाही निम्मं कळेना. तरी व्हायोलेट वाचत गेली, मोठ्यानं, काही न गाळता: जागा किती आहे ते मोजतोय म्हणतं. जुनं सगळं पुसू का विचारतं. पुसलेलं परत येणार नाही म्हणतं. योसेफ वेगळ्या सीडीवर काढून ठेवलाय आई, पुसू दे. एक चूक झाली म्हणतं, पण फार मोठी नाही, पुढं जातो म्हणतं.

मग ते थांबलं. एक रिकामी चौकट, तिच्यात लुकलुकणारी रेघ.

"आता काय?"

"नाव विचारतंय."

लिआबाई खाली वाकली. "आईचं? आजीचं? कुठली, काय?"

"नाही. नुसतं माझं."

"दाखला?"

"नाही मागत. नंतर एक खुणेचा शब्द विचारील. तोही आपणच ठरवायचा."

लिआबाईनं त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं, दारात आलेल्या माणसाला आत घ्यावं की नाही असं. मग लेकीच्या खांद्यावर हात टेकून सरळ झाली, भिंतीपाशी गेली आणि बुलबुलतरंगाच्या पेटीवरची चादर बाजूला करायला लागली.

"लिव मग," ती पाठमोरी म्हणाली. "आणि कुठली ओळ विसरले तर सांग. मध्ये गिळू नकोस."